एकाआड एक: एचआयव्हीसोबतचे लैंगिक आजार ओळखताना

दौलताबादहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात यायला पंधरा-सोळा किलोमीटर. एसटीने किंवा काळीपिवळीने माणूस तासाभरात पोहोचतो. पण एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला अंगावरच्या पुरळाचं, जांघेतल्या गाठीचं किंवा न भरणाऱ्या जखमेचं खरं नाव कळायला याहून कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. औषधं मिळत नाहीत म्हणून हा उशीर होत नाही. कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन व चाचणी केंद्रात, होते, विषाणू दाबणाऱ्या गोळ्या एआरटी केंद्रात मिळतात, जखम त्वचा व गुप्तरोग विभागात दाखवायची असते, बाईच्या अंगावरून पांढरं जात असेल तर स्त्रीरोगाची ओपीडी, कावीळ झाली तर मेडिसिन. प्रत्येक दारामागे एकेका आजाराचा जाणकार बसलेला असतो, आणि या रुग्णाचे आजार तर एकेकटे येत नाहीत.

वैद्यकीच्या विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं की सगळ्या लक्षणांचा उलगडा शक्यतो एकाच रोगाने करावा. निरोगी प्रतिकारशक्ती असलेल्या तरुण रुग्णाच्या बाबतीत हा नियम बहुधा उपयोगी पडतो. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या बाबतीत तो फसवतो. इथे एक निदान हाती आलं की शोध थांबवायचा नाही, तिथून तो पुढे न्यायचा. या लेखातला आढावा याच एका मुद्द्याभोवती फिरणार आहे.

हे आजार एकत्र का राहतात, याचं उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याजवळ भोसरीला 1992 साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', सुरू झाली. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्री-पुरुषांचा तिथल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा 1997 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही वाचताना अस्वस्थ करतो. दवाखान्यात आलेल्या 916 स्त्रियांपैकी 391 जणी देहविक्रीत नव्हत्या. त्यांच्यातल्या 13.6 टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुसंख्य विवाहित, आणि नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध न आलेल्या. लैंगिक आजाराची तक्रार घेऊन त्या आल्या होत्या, म्हणून तरी एचआयव्ही सापडला. याच दवाखान्यांत असेही रुग्ण आढळले ज्यांच्या रक्तात एचआयव्हीची प्रतिपिंडं अजून तयार झाली नव्हती, पण विषाणूचं पी-24 प्रथिन मात्र होतं. म्हणजे नेहमीच्या तपासणीत 'निगेटिव्ह', आणि संसर्ग नुकताच झालेला. लिंगावर ताजी जखम असणाऱ्याचा एचआयव्ही अहवाल एकदा निगेटिव्ह आला म्हणून त्याला निर्धास्तपणे घरी पाठवणं किती धोक्याचं आहे, हे पुण्याने जगाला दाखवलं.

हे आजार एकत्र राहण्याचं कारण सरळ आहे. जखमेमुळे त्वचेचं कवच फाटतं, आणि विषाणूला ज्या सीडी-4 पेशी हव्या असतात त्याच पेशी त्या जखमेजवळ गोळा होतात. ज्याला आधीच एचआयव्ही आहे आणि उपचार सुरू नाहीत, त्याच्या स्रावांत सूज-जखमेमुळे विषाणूचं प्रमाण वाढतं. जननेंद्रियाच्या नागिणीचा विषाणू, म्हणजे हर्पिस टाइप-2, नुकताच लागलेल्या माणसाला एचआयव्हीचा धोका वाढतो, हेही पुण्याच्याच रुग्णांमधून दिसलं.

मग लैंगिक आजार बरे केले तर एचआयव्ही आटोक्यात येईल, अशी आशा जगभर निर्माण झाली. टांझानियातल्या म्वांझा भागात 1995 साली तसं घडलंही: लक्षणांवरून नीट उपचार दिल्यावर नव्या एचआयव्ही संसर्गात सुमारे 40 टक्के घट दिसली. शेजारच्या युगांडात, राकाई इथे, संपूर्ण लोकसंख्येला सरसकट औषधं देऊनही 1999 साली तसा परिणाम मिळाला नाही. पुढे हर्पिसवर रोज असायक्लोव्हिर देऊन पाहिलं. रक्तातला एचआयव्ही थोडा घटला, पण जोडीदाराला होणारा संसर्ग थांबला नाही. एवढ्यावरून काहींनी निष्कर्ष काढला की लैंगिक आजारांच्या निदानाचं एचआयव्हीच्या कामात फारसं महत्त्व नाही. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो. एचआयव्ही रोखण्याचं साधन म्हणून त्या उपचारांची मर्यादा कळली, इतकंच. समोरच्या माणसाच्या अंगातली गरमी, त्याच्या बायकोच्या गर्भाशयमुखाचा धोका, त्याच्या डोळ्यांची नजर यांचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही.

गरमीविषयी, म्हणजे सिफिलिसविषयी, जरा सविस्तर लिहितो. एचआयव्हीसोबत सर्वांत जास्त वेष बदलणारा आजार हाच. एरवी याच्या पायऱ्या ठरलेल्या: आधी न दुखणारी एक जखम, ती आपोआप भरते, मग काही आठवड्यांनी अंगभर पुरळ, तोही जातो, मग वर्षानुवर्षं शांतता. एचआयव्ही असताना जखमा एकाहून जास्त असू शकतात, जखम भरण्याआधीच पुरळ उठू शकतो, क्वचित पुरळाचे खोल खपलीदार व्रण होतात. मेंदू आणि डोळ्यांपर्यंत आजार लवकर पोहोचण्याची शक्यताही असते. पुरळाची सगळ्यात मोठी गल्लत होते ती औषधाच्या रिअॅक्शनशी. सीडी-4 कमी असलेल्या माणसाला कोट्रायमोक्साझोल चालू असतं, पूर्वी नेव्हिरपिन असायचं. अंगावर लाल चट्टे दिसले की 'गोळी सोसली नाही' असं म्हणून गोळी बदलली जाते. पुरळ तर आपोआप ओसरणारच होता, तो ओसरला की सगळ्यांना वाटतं, निदान बरोबर होतं. तळहात-तळपायांवर पुरळ आहे का आणि खाज आहे का, या दोन गोष्टी पाहायला मिनिटही लागत नाही. सिफिलिसचा पुरळ बहुधा खाजत नाही आणि तळहात-तळपाय सोडत नाही.

रक्ततपासणीचीही आपली कोडी आहेत. आपल्याकडे आधी व्हीडीआरएल किंवा आरपीआर करतात. या चाचण्या स्वस्त, पण त्या जंतूला थेट ओळखत नाहीत, शरीराच्या प्रतिक्रियेवरून अंदाज बांधतात. एचआयव्ही असताना त्या कधी सिफिलिस नसतानाही पॉझिटिव्ह येतात, म्हणून टीपीएचएसारख्या दुसऱ्या चाचणीने खात्री करावी लागते. उलट बाजूचा घोळ अधिक गंभीर आहे. प्रतिपिंडं प्रमाणाबाहेर असली की चाचणीत गुठळ्या बनतच नाहीत आणि अहवाल निगेटिव्ह येतो. हा प्रकार एचआयव्हीबाधितांमध्ये अधिक दिसतो. अंगभर पुरळ आणि आरपीआर निगेटिव्ह अशी जोडी समोर आली, तर डॉक्टरने प्रयोगशाळेला चिठ्ठीवर एकच ओळ लिहावी: रक्तद्रव पातळ करून पुन्हा पाहा. जखम अगदी ताजी असेल तरीही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. अशा वेळी दोन ते चार आठवड्यांनी ती परत करायची.

उपचारानंतरचं वाचनही तितकंच महत्त्वाचं. रक्तद्रव किती पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह येते, तो आकडा म्हणजे टायटर. 1:32 असलेला टायटर 1:8 वर आला की औषध लागू पडलं असं मानतात. एचआयव्हीसोबत ही घसरण सावकाश होते, वर्षभर वाट पाहावी लागते, आणि काहींचा टायटर खालच्या पातळीवर येऊन तिथेच अडकतो. आज व्हीडीआरएल, पुढच्या वेळी आरपीआर, आज घाटीत, उद्या खाजगी लॅबमध्ये अशी सरमिसळ झाली की त्या आकड्यांची तुलनाच होत नाही. चाचणी तीच आणि शक्यतो प्रयोगशाळाही तीच हवी. टीपीएचए मात्र एकदा पॉझिटिव्ह आली की बहुतेकांची जन्मभर तशीच राहते. ती पाहून दर वेळी इंजेक्शन देणं चूक आणि ती आहे म्हणून नव्या संसर्गाकडे दुर्लक्ष करणंही चूक. एचआयव्हीबाधित माणसाचा डोळा अचानक लाल झाला, धूसर दिसू लागलं किंवा एका कानाने ऐकू येईना, तर टॉक्सोप्लाझ्मा आणि सायटोमेगॅलोव्हायरसच्या यादीत सिफिलिसचं नाव असलंच पाहिजे, कारण या यादीत पेनिसिलिनने बरा होणारा तोच एक आहे.

जननेंद्रियावरच्या जखमांच्या बाबतीत आपली सरकारी यंत्रणा लक्षणांवरून उपचार करते. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात सात रंगांची किट आहेत. लघवीच्या मार्गातून पू येत असेल तर राखाडी किट, म्हणजे अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. पांढरं जाण्यासाठी हिरवं. जखमेसाठी पांढरं, त्यात बेंझाथिन पेनिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन. पेनिसिलिन सोसत नसेल तर निळं. हर्पिससाठी लाल, ओटीपोटातल्या दुखण्याला पिवळं, जांघेतल्या बदेसाठी काळं. प्रयोगशाळा नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, रुग्ण पुन्हा येईल याची खात्री नसताना, त्याच दिवशी औषध हातात देणारी ही पद्धत लाखोंना उपयोगी पडली आहे. तिला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा खेड्यातल्या ओपीडीत दिवसभर बसून पाहावं.

तरीही एचआयव्ही असताना रंगांची ही वाटणी अपुरी पडते. पाण्याने भरलेले बारीक फोड दिसले की लाल किट, नाहीतर पांढरं, असा साधारण हिशेब असतो. पण प्रतिकारशक्ती घटलेल्या माणसात हर्पिसचे फोड केव्हाच फुटून मोठा, खोल, महिनाभर न भरणारा व्रण झालेला असतो. असा महिन्यापलीकडे टिकलेला हर्पिस जागतिक आरोग्य संघटना एचआयव्हीच्या चौथ्या टप्प्याची खूण मानते. कधी हाच हर्पिस मांसाच्या गोळ्यासारखा वाढतो आणि कर्करोगाचा संशय येतो. आणि एकाच व्रणात हर्पिस आणि सिफिलिस दोन्ही असू शकतात. म्हणून एआरटी केंद्रातल्या रुग्णाला जखम असेल तर रंग निवडत न बसता दोन्हींचे उपचार द्यावेत, आरपीआरचं रक्त त्याच दिवशी घ्यावं आणि आठवड्याने पाहावं, हेच मला अधिक शहाणपणाचं वाटतं. असायक्लोव्हिर पूर्ण दिवस घेऊनही फरक नसेल तर प्रतिरोध किंवा वेगळं निदान शोधायचं, बायोप्सी करायची. एआरटी नुकतीच सुरू झालेल्या माणसात पहिल्या काही आठवड्यांत हर्पिस उसळी मारू शकतो, कारण सावरलेली प्रतिकारशक्ती आता लढू लागलेली असते. त्यासाठी एआरटी बंद करायची नसते.

2022 नंतर जखमांच्या या यादीत एमपॉक्स या विषाणूजन्य आजाराची भर पडली. गुप्तांगावरचे त्याचे फोड हर्पिस आणि सिफिलिस दोन्हींसारखे दिसतात. सीडी-4 पेशींची संख्या 350 च्या खाली असलेल्या 382 रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय नोंदीत 27 मृत्यू झाले आणि ते सगळे सीडी-4 200 च्या खाली असलेल्यांचे होते.

स्त्रियांच्या बाबतीत हा विषय आणखी खोल जातो. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 साली जे मांडलं ते आजही ताजं आहे: 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, सरासरी प्रत्येकीला तीनहून अधिक, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. यातल्या कितीतरी जणींना काहीच तक्रार नव्हती. लक्षण विचारून उपचार देण्याची पद्धत इथे कोलमडते, कारण गर्भाशयमुखाचा गोनोरिया किंवा क्लॅमिडिया बहुतेक वेळा मुका असतो, आणि जे पांढरं जातं त्याचं कारण बऱ्याचदा लैंगिक संसर्ग नसतोच. एकीकडे गरज नसलेल्या बाईला प्रतिजैविकं आणि नवऱ्यावर संशय, दुसरीकडे खरी आजारी बाई उपचाराविना. स्पेक्युलम घालून गर्भाशयमुख पाहणं आणि स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणं एवढ्यानेही चित्र बरंच सुधारतं. ट्रायकोमोनासच्या बाबतीत एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना एकाच दिवशीच्या मोठ्या मात्रेपेक्षा सात दिवसांचं मेट्रोनिडाझोल जास्त लागू पडतं, हे 2010 साली चाचणीतून दिसलं. हिरव्या किटमध्ये मात्र सेक्निडाझोलची एकच मात्रा असते. एआरटी केंद्रातल्या बाईसाठी हा फरक करायलाच हवा.

अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्याचं निदान न झाल्याची किंमत मराठवाड्याने उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत 82,309 पैकी 13,861 स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पांढरं जाणं, पाठ-ओटीपोट दुखणं, पाळीचा त्रास या तक्रारींवर 'पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळालेल्या त्यांच्यात कितीतरी होत्या. सात दिवसांच्या गोळ्यांनी बरं होणारं दुखणं शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेलं जातं तेव्हा तो निदानाचाच पराभव असतो. यातली एखादी एचआयव्हीबाधित असेल तर पिशवी जाऊनही तिचा मूळ संसर्ग तिच्यासोबतच राहतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत मात्र याच मराठवाड्याने जगाला रस्ता दाखवला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने, 1,31,746 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 साली आले. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची डीएनए चाचणी आयुष्यात एकदा केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना अशा स्त्रियांची एचपीव्ही तपासणी पंचविसाव्या वर्षापासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी करायला सांगते. ज्या भूमीत हा पुरावा तयार झाला तिथल्याच एआरटी केंद्रातल्या बाईला ही चाचणी सहज मिळत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीविरोधी 'सर्व्हाव्हॅक' लस 2023 पासून उपलब्ध आहे, पण ती आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही. पस्तिशीतल्या एचआयव्हीबाधित स्त्रीला आधार तपासणीचाच.

मुक्या संसर्गांचा आणखी एक मोठा साठा घशात आणि गुदद्वारात असतो, आणि तो सापडत नाही कारण तिथला नमुना कुणी घेतच नाही. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना, तृतीयपंथीयांना हे प्रश्न न लाजवता विचारावे लागतात. 6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमाची टांगती तलवार काढली, ओपीडीतली नजर मात्र सगळीकडे बदललेली नाही. लघवीचा नमुना स्वच्छ निघाला म्हणजे माणूस गोनोरियामुक्त झाला असं नसतं. क्लॅमिडिया-गोनोरियाचं भरवशाचं निदान जनुकीय चाचणीने होतं, आणि ही यंत्रं आपल्याकडे नवीन नाहीत. क्षयासाठी सीबीनॅट आणि गोव्यात बनलेलं ट्रूनॅट जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचलं आहे. सीबीनॅटच्या त्याच यंत्रावर वेगळं कार्ट्रिज घालून क्लॅमिडिया, गोनोरिया आणि एचपीव्ही पाहता येतो. अडथळा आहे तो कार्ट्रिजच्या खर्चाचा आणि दोन कार्यक्रमांच्या दोन वेगळ्या तिजोऱ्यांचा.

कावीळ बी मात्र सगळ्यांच्या आधी पाहायची गोष्ट. एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही औषधं हिपॅटायटिस बीवरही चालतात. ज्याला हा जोड-संसर्ग आहे त्याची गोळी बदलताना ती दोन्ही अचानक बंद झाली तर यकृताला मोठा झटका बसू शकतो. एचबीएसएजीचा, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या चाचणीचा, अहवाल फाइलच्या पहिल्या पानावर असावा.

इथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, तर तो माणूस संभोगातून एचआयव्ही देत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या पार्टनर-2 अभ्यासात 782 पुरुष जोडप्यांच्या कंडोमविना 76 हजारांहून अधिक संबंधांत एकही संसर्ग एकाकडून दुसऱ्याला गेला नाही, आणि हे त्यांच्यातल्या अनेकांना दुसरे लैंगिक आजार झालेले असताना. ही आनंदाची बातमी प्रत्येक रुग्णाला सांगायलाच हवी. तिच्यासोबत दुसरं वाक्यही सांगावं: गोळी सिफिलिस, गोनोरिया किंवा एचपीव्ही अडवत नाही. म्हणजे गोळ्या व्यवस्थित चालू असलेल्या, विषाणू दबलेल्या, अगदी 'स्थिर' म्हणवल्या जाणाऱ्या रुग्णालाच ही तपासणी लागते, आणि नेमका तोच दोन मिनिटांत गोळ्या घेऊन निघून जातो.

यावर नवं खातं उघडण्याची गरज नाही. प्रत्येक एआरटी भेटीत क्षयाचे चार प्रश्न विचारायची सवय आपल्या यंत्रणेला लागली आहे: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. तसेच चार प्रश्न आणखी विचारता येतील: जखम, स्राव, लघवीला आग, नवा जोडीदार. गोळ्या सुरू करताना आरपीआर आणि हिपॅटायटिसच्या चाचण्या सांगितलेल्याच आहेत. व्हायरल लोडसाठी वर्षातून एकदा रक्त काढतोच, त्याच सुईच्या रक्तातून आरपीआरही होऊ शकतो. 2017 च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने चाचणीला संमती आणि माहितीची गुप्तता बंधनकारक केली. दौलताबादसारख्या गावात, जिथे आशाताई आणि रुग्ण एकाच गल्लीत राहतात, हा कायदा कागदावर न राहता खिडकीच्या पडद्यापर्यंत आणि केसपेपरवरच्या अक्षरांपर्यंत पोहोचावा लागतो. नाहीतर माणूस गावातल्या केंद्रात तोंड उघडणार नाही, मेडिकलमधून दोन गोळ्या घेईल आणि अर्धवट दबलेला आजार घेऊन घाटीत पोहोचेल.

शेवटी हंगामाचा प्रश्न उरतो. मराठवाड्यातली ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि गाळप संपल्यावर उन्हाळ्यात परततात. जुन्या सिफिलिसला बेंझाथिन पेनिसिलिनची 24 लाख युनिटची इंजेक्शनं दर आठवड्याला एक अशी तीन लागतात, आणि दोन इंजेक्शनांत चौदा दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गरोदर स्त्रीच्या बाबतीत एवढीही सूट नाही. आरपीआरचा अहवाल ऑक्टोबरच्या मध्यावर हाती आला, तर दुसरं इंजेक्शन कारखान्याच्या तळावर असताना येतं. भाद्रपदातच रक्त घेतलं, अहवाल आठवड्यात आला, नवरा-बायको दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं, तर तिसरं इंजेक्शन टोळी गाडीत चढण्याआधी होऊन जातं. उरलेला पाठपुरावा तळाजवळच्या केंद्रात व्हावा म्हणून चिठ्ठीवर टायटरचा आकडा, चाचणीचं नाव आणि शेवटच्या इंजेक्शनाची तारीख एवढं लिहून दिलं तरी पुरतं. आजाराचं नाव त्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत असण्याची काहीच गरज नाही.